ठोकळा

विमान कधी सुटलं हे तिकिटाला माहीत नसतं.
चाकाखालचा पिवळा रबरी ठोकळा मी दोरीनं ओढतो,
बाजूला होतो, अंगठा वर करतो,
ते मिनिट कागदावर लागतं :
ओझर, सात बेचाळीस.
हैदराबादला कुणीतरी त्याचा ठोकळा
त्याच चाकाखाली सरकवतो,
तिथं ते संपतं. नऊ वाजून सात.
मधला एक तास पंचवीस मिनिटं
आम्हा दोघांच्या हातांमधला.

त्याला मी पाहिलेलं नाही.

आमच्यात याला चॉक म्हणतात.
आई अंगणवाडीत मदतनीस होती, तिला वाटलं खडू.
सहा महिने ती जानोरीभर सांगत होती,
आमचा रमाकांत विमानतळावर खडूचं काम बघतो.
मी दुरुस्त केलं नाही.
पगारही तसाच होता, पुसला जाणारा.

अण्णांना मात्र लगेच कळलं.
बावीस वर्षं ट्रकवर क्लीनर.
वाशीला कांदा खाली करायचा, येताना सिमेंट,
आणि कसारा चढताना गाडी दमली,
मागं यायला लागली की दार उघडून उडी,
बगलेत बाभळीचा ठोकळा,
तो मागच्या चाकाखाली सारायचा, बोटं वाचवून.
एकदा नाही वाचलं.
उजव्या हाताची करंगळी अर्धीच आहे.
माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं,
"उतार आहे का तिथं?"
"नाही अण्णा, सपाट आहे."
"मग लावता कशाला?"

सरळ रेषेत पाचशे सत्तर किलोमीटर भरतं म्हणे.
सरळ रेषेत कोण जातं?
विमानसुद्धा आधी भलतीकडं तोंड करतं,
द्राक्षबागांवरून वळसा घेतं,
मग त्याला हैदराबाद आठवतं.
आणि मी ड्युटी संपवून दहाव्या मैलावर येतो.
कुठून दहावा विचारलं तर
माणसं नुसता नाशिककडं हात करतात.
मैल गेले, किलोमीटर आले,
रस्ता रुंद झाला, पूल आले,
फाटा दहावाच राहिला.

जानेवारीत एकदा धुकं होतं.
दोरी गारठून काठीसारखी झालेली.
ठोकळा काढला, अंगठा दाखवला, विमान गेलं,
धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन उभं राहिलं,
आणि बावीस मिनिटांनी परत आलं.
मी ठोकळा लावला. तोच. त्याच तेलाच्या डागावर.
शिरसाठ मॅडम पेन धरून बसल्या, काय लिहायचं?
ओझर ते ओझर, बावीस मिनिटं.
अंतराच्या रकान्यात त्यांनी नुसती रेघ मारली.

शिडी लागली.
सगळ्यांत आधी एक मावशी उतरल्या,
अंगावर दोन शाली, हातात मनुक्यांची पिशवी,
चेहऱ्यावर पहिल्यांदा उडाल्याचं समाधान.
म्हणाल्या, "लवकर आलं हो.
आणि थंडी इकडंही आहेच की."
मी काय बोलणार?
पिशवी धरली, शिडीची शेवटची पायरी दाखवली.
त्या इकडंतिकडं बघत होत्या,
जावई न्यायला येणार होता.

तेव्हा तिकडं तो उभा असेल,
ठोकळा हातात घेऊन, रिकाम्या जागेकडं बघत.
त्याला कुणी सांगितलं असेल का,
की इकडं धुकं आहे?

रात्री अण्णा जेवायला बसतात.
किती वाजता सुटलं, हे ते विचारत नाहीत.
किती लांब, हेही नाही.
"लावला का तिकडं कुणी?"
मी फोनमध्ये बघून सांगतो,
"हो. नऊ वाजून सात."
"मग ठीक."
आणि त्या अर्ध्या करंगळीनं
ताट जरा जवळ ओढतात.